करारावर एक सही, मंचावर पाच जण: पॅरामोर या बँडचे प्रकरण

पॅरामोर हा बँड २००४ मध्ये अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील फ्रँकलिन या गावी उभा राहिला, तेव्हा त्याची गायिका हेली विल्यम्स हिचा अटलांटिक रेकॉर्ड्स या कंपनीशी करार आधीच झालेला होता. एरवी या व्यवसायात क्रम उलटा असतो. चार-पाच मुले एखाद्याच्या गॅरेजमध्ये वाजवू लागतात, आसपासच्या छोट्या कार्यक्रमांतून त्यांचे नाव होते, आणि कंपनीचा माणूस दारात येतो तेव्हा करारावर सगळ्यांच्या सह्या होतात. येथे कंपनी आधी आली, बँड नंतर आला आणि सही एकटीचीच राहिली. पुढच्या वीस वर्षांत या बँडमधून जे बाहेर पडले, जे परतले, जे न्यायालयापर्यंत गेले आणि या सगळ्यांविषयी जी गाणी लिहिली गेली, त्यांपैकी बऱ्याच गोष्टींचे मूळ या एका सहीपर्यंत नेता येते. बऱ्याच गोष्टींचे, सगळ्या नव्हे. कारण माणसे केवळ करारामुळे भांडत नाहीत, आणि करार नीट असता तर हे भांडण झालेच नसते असे म्हणणे हा भाबडेपणा ठरेल.

चौदाव्या वर्षीचा करार

विल्यम्सचा जन्म २७ डिसेंबर १९८८ रोजी मिसिसिपी राज्यातील मेरिडियन येथे झाला. आईवडील विभक्त झाल्यानंतर ती आईसोबत फ्रँकलिनला राहायला आली. शाळेत न जाता घरीच शिकणाऱ्या मुलांसाठी तेथे आठवड्यातून एकदा वर्ग भरत असे, आणि त्या वर्गात तिची गाठ जॉश आणि झॅक फॅरो या भावांशी पडली. जेरेमी डेव्हिस या बेसवादकाबरोबर ती त्याआधी इतरांची फंक (ठेक्यावर भर देणारी, नाचायला लावणारी) गाणी वाजवणाऱ्या एका बँडमध्ये गात होती. फ्रँकलिन हे नॅशव्हिलच्या जवळचे गाव, आणि नॅशव्हिल म्हणजे गीतलेखन हाच जेथे पूर्णवेळ धंदा आहे असे शहर. त्यामुळे चांगला आवाज असलेली, स्वतः गाणी लिहिणारी मुलगी व्यवस्थापकांच्या नजरेस पडायला वेळ लागला नाही. २००३ मध्ये अटलांटिकने तिला करारबद्ध केले, तेव्हा तिचे वय चौदा होते.

कंपनीला एकटी पॉप गायिका हवी होती. आदल्याच वर्षी एव्हरिल लव्हीन या कॅनडाच्या किशोरवयीन गायिकेला जगभर यश मिळाले होते, आणि गिटारच्या आवाजावर गाणारी मुलगी हा व्यवहार फायद्याचा ठरू शकतो हे साऱ्या कंपन्यांनी पाहिले होते. विल्यम्सने मात्र हट्ट धरला की ती आपल्या मित्रांबरोबरच वाजवेल, बँड म्हणूनच वाजवेल आणि तिला आवडणारे पॉप-पंक, म्हणजे गुणगुणता येईल अशा चालींचे वेगवान गिटार-संगीतच गाईल. कंपनीने हा हट्ट संगीतापुरता मानला. कागदावर तिने बदल केला नाही. आपल्याकडे भारतीय करार कायद्यानुसार अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, व्यक्तीने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो. अमेरिकेत असा करार सर्वसाधारणपणे त्या अज्ञान व्यक्तीला नंतर मोडता येतो, आणि म्हणूनच बालकलाकारांशी व्यवहार करताना कंपन्या पालक, वकील आणि काही राज्यांत न्यायालयाची मान्यता यांची तटबंदी उभारतात. तटबंदी कितीही भक्कम असली, तरी चौदा वर्षांच्या मुलीने पुढच्या दोन दशकांच्या मिळकतीबद्दल निर्णय घेतला ही वस्तुस्थिती बदलत नाही.

या कराराची जातही नवी होती. जुन्या पद्धतीत कंपनी ध्वनिमुद्रणाचा खर्च करते, विक्रीतून तो वसूल करते आणि उरलेल्यातून कलाकाराला स्वामित्वधन देते. कार्यक्रमांची तिकिटे, टी-शर्टची विक्री आणि जाहिरातींचे पैसे कलाकाराचे असतात. १९९९ नंतर इंटरनेटवरून फुकट गाणी मिळू लागली, अमेरिकेतील ध्वनिमुद्रित संगीताची मिळकत घसरू लागली, आणि कंपन्यांनी कलाकाराच्या इतर कमाईतही वाटा मागायला सुरुवात केली. या प्रकाराला थ्री-सिक्स्टी डील म्हणतात. ब्रिटिश गायक रॉबी विल्यम्सने २००२ मध्ये ईएमआय या ध्वनिमुद्रण कंपनीशी केलेला करार हे त्याचे गाजलेले सुरुवातीचे उदाहरण. पण तो प्रस्थापित तारा होता आणि त्याला मोठी रक्कम आगाऊ मिळाली होती. अगदी नव्या, अजून कोणीही न ऐकलेल्या कलाकाराशी असा करार करण्याचे पॅरामोर हे पहिल्या काही ठळक उदाहरणांपैकी एक आहे. कंपनीच्या बाजूने एक युक्तिवाद प्रामाणिकपणे मांडता येतो: कार्यक्रमांच्या मिळकतीत वाटा असला, की पहिल्या अल्बमच्या विक्रीवर सगळा जुगार लावावा लागत नाही, आणि कलाकाराला दोन-तीन वर्षे रस्त्यावर वाढू देता येते. पॅरामोरच्या बाबतीत हे खरे ठरले, आणि पुढचा सारा बिघाड समजून घेताना हे विसरून चालणार नाही.

बाकीच्या मुलांची स्थिती मात्र विचित्र झाली. सातबारा एकीच्या नावावर, आणि शेत सगळ्यांनी मिळून कसायचे, असा हा मामला होता. पीक चांगले येईपर्यंत अशा व्यवस्थेत कोणाला काही खटकत नाही.

अटलांटिकचे नाव नसलेला अल्बम

पॅरामोर ज्या परंपरेत उभा राहिला तिच्याविषयी येथे थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण या परंपरेत कंपनीचा वास येणे हाच मोठा दोष मानला जाई. इमो हा प्रकार १९८० च्या दशकाच्या मध्यावर वॉशिंग्टन डी.सी. मधील हार्डकोर पंकमधून निघाला. राइट्स ऑफ स्प्रिंगसारख्या बँडने त्या आक्रमक संगीतात स्वतःच्या मनातली घालमेल आणली. पॉप-पंक त्याहून हसरा, झटपट आणि चालींवर भर देणारा. १९९४ मध्ये ग्रीन डेने त्याला बाजार मिळवून दिला. २००० नंतर या दोन धारा एकमेकींत मिसळल्या: चाल पॉप-पंकची, शब्द इमोचे. जिमी इट वर्ल्ड, टेकिंग बॅक संडे, फॉल आउट बॉय ही नावे या मिश्रणातूनच पुढे आली. या संगीताचा श्रोता किशोरवयीन, उपनगरांतला, मायस्पेस या तेव्हाच्या समाजमाध्यमावर बँड शोधणारा आणि उन्हाळ्यात वॉर्प्ड टूर या फिरत्या महोत्सवाच्या तापलेल्या मैदानात दिवसभर उभा राहणारा होता. कंपनीने घडवलेला बँड तो चटकन ओळखत असे आणि झिडकारत असे.

अटलांटिकने म्हणूनच पॅरामोरला फ्यूल्ड बाय रामेन या लेबलच्या, म्हणजे अल्बम प्रसिद्ध करणाऱ्या एका लहान संस्थेच्या, नावाखाली आणले. लेस दॅन जेक या बँडचा ड्रमवादक विनी फिओरेलो आणि जॉन जॅनिक यांनी १९९६ मध्ये फ्लोरिडातील गेन्सव्हिल येथे सुरू केलेले हे लेबल फॉल आउट बॉयमुळे त्या वर्तुळात प्रतिष्ठेचे झाले होते आणि पुढे पॅनिक अ‍ॅट द डिस्कोचेही घर ठरले. २००५ च्या जुलैमध्ये आलेल्या ‘ऑल वी नो इज फॉलिंग’ या पहिल्या अल्बमवर अटलांटिकचे नाव मुद्दाम ठेवले नव्हते. म्हणजे श्रोत्यांना दिसत होता तो एका लहान लेबलचा गावाकडचा बँड, आणि तिजोरीच्या बाजूने पाहिले तर ती एका बलाढ्य कंपनीची एकटी कलाकार होती. यात फसवणूक होती का? माझ्या मते नव्हती, कारण बँड खराच होता, गाणी त्यांनीच लिहिलेली होती, आणि डबडा व्हॅनमधून फिरण्याचे कष्टही खरे होते. पण खऱ्या गोष्टीला पुरावा लागू नये इतकी साधी ही रचना नव्हती, आणि संशयाचे बीज येथेच पडले.

त्या अल्बमच्या ध्वनिमुद्रणासाठी मंडळी ऑरलँडोला गेली, आणि काही दिवसांतच डेव्हिस बँड सोडून गेला. उरलेल्यांनी त्या जाण्यावरच अल्बमचा विषय उभारला. मुखपृष्ठावर लाल रंगाचा रिकामा कोच आहे आणि दूर जाणारी एक सावली. ती डेव्हिसच्या अनुपस्थितीची खूण आहे. काही महिन्यांनी तो परत आला आणि ज्या गाण्यांचा विषय आपण स्वतः होतो ती गाणी रोज रात्री वाजवू लागला. इमो परंपरेत खाजगी दुखणे सार्वजनिक करणे हा शिष्टाचारच आहे. पण तो शिष्टाचार एकट्या गीतकाराला जितका सोपा असतो, तितका एकाच व्हॅनमध्ये झोपणाऱ्या पाच जणांना नसतो. पॅरामोरमध्ये ही प्रथा पुढे अनेकदा पाळली गेली.

पहिल्या अल्बमला अमेरिकेच्या मुख्य विक्रीयादीत तेव्हा स्थान मिळाले नाही. त्याच उन्हाळ्यात वॉर्प्ड टूरवर बँडला जागा मिळाली ती शिरागर्ल स्टेजवर, म्हणजे स्त्रिया असलेल्या बँडसाठी वेगळ्या ठेवलेल्या छोट्याशा मंचावर. दोन वर्षांनी, २००७ मध्ये, तोच बँड त्याच महोत्सवाच्या मुख्य मंचावर होता.

यश आणि त्याचा हिशेब

१२ जून २००७ रोजी आलेल्या ‘रायट!’ने सगळे बदलले. निर्माता डेव्हिड बेंडेथने गाण्यांना धारदार, रेडिओला साजेसा आवाज दिला. जॉश फॅरोची जड गिटार आणि झॅकचे ड्रम, जे वाजवताना तो अजून सतरा वर्षांचाही झाला नव्हता, विल्यम्सच्या आवाजाखाली सतत ढकलत राहतात. ‘मिझरी बिझनेस’ हे गाणे अमेरिकेच्या मुख्य यादीत सव्विसाव्या क्रमांकापर्यंत गेले, अल्बम पंधराव्यापर्यंत. २००८ च्या ग्रॅमी सोहळ्यात सर्वोत्कृष्ट नवोदित कलाकारासाठी नामांकन मिळाले. त्याच वर्षी ‘ट्वायलाइट’ या चित्रपटासाठी केलेल्या ‘डीकोड’ने त्यांना इमोच्या वर्तुळाबाहेरचा श्रोता मिळवून दिला.

आणि याच वर्षी फेब्रुवारीत युरोपचा दौरा अर्धवट सोडून, अंतर्गत प्रश्न सोडवायचे आहेत असे सांगून बँड घरी परतला. मासिकांच्या मुखपृष्ठांवर विल्यम्स एकटी येत होती. तिचे नारिंगी केस ही बँडची ओळख झाली होती. याला उत्तर म्हणून ‘पॅरामोर हा बँड आहे’ असे छापलेले टी-शर्ट घातले जाऊ लागले. हे घोषवाक्य मला या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत बोलका दस्तऐवज वाटतो, कारण ज्या गोष्टीबद्दल शंका नसते ती कोणी छातीवर छापून मिरवत नाही.

२००९ च्या सप्टेंबरमध्ये आलेला ‘ब्रँड न्यू आइज’ पहिल्या आठवड्यात अमेरिकेत सुमारे १,७५,००० प्रती विकला जाऊन दुसऱ्या क्रमांकावर आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. त्यातील ‘इग्नरन्स’ हे गाणे विल्यम्सने बँडमधल्याच तणावावर लिहिले होते, आणि ते वाजवणाऱ्या गिटारवादकाकडेही त्याचा रोख होता. संगीत म्हणून हा त्यांच्या पहिल्या पर्वातला सर्वांत पक्का अल्बम आहे. रॉब कॅव्हॅलोच्या निर्मितीत वाद्ये अधिक मोकळी वाजतात, आणि ‘द ओन्ली एक्सेप्शन’सारखे संथ गाणे बँडच्या ताकदीबाहेरचे नव्हते हे सिद्ध होते. परंतु आपल्यावरचा आरोप चार मिनिटे जोरात वाजवण्याची वेळ ज्याच्यावर येते, त्याच्या संयमाला मर्यादा असणारच.

डिसेंबर २०१० मध्ये दोन्ही फॅरो भाऊ बाहेर पडले. बँडने ही बातमी सौम्य शब्दांत दिली. त्यावर जॉश फॅरोने स्वतंत्र, लांबलचक आणि कडवट निवेदन प्रसिद्ध केले. पॅरामोर हे एका मोठ्या कंपनीने घडवलेले उत्पादन आहे, करारावर फक्त हेलीची सही आहे, आणि आम्ही बाकीचे तिच्या स्वप्नाच्या मागे फरफटत आलो, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. त्याच निवेदनात ‘केअरफुल’ या गाण्यातील सत्याविषयीच्या एका ओळीवर त्याने धार्मिक कारणास्तव घेतलेला आक्षेपही होता. म्हणजे केवळ पैशाचा हिशेब मांडून हे भांडण संपत नाही. श्रद्धा, वय, एकेकाळचे प्रेम आणि एकत्र वाढलेल्या मुलांचा परस्परांवरचा हक्क, हे सगळे त्यात होते. तरीही लक्षात राहिली ती कराराची गोष्ट, कारण ज्या श्रोत्यांनी हा बँड ‘आपला’ म्हणून स्वीकारला होता त्यांना अटलांटिकची सही २००३ ची आहे हे तोवर फारसे ठाऊक नव्हते. जानेवारी २०११ मध्ये विल्यम्स, डेव्हिस आणि गिटारवादक टेलर यॉर्क यांनी एमटीव्हीला मुलाखत देऊन आपली बाजू मांडली. करार एकटीच्या नावावर आहे हे नाकारण्याचा प्रश्नच नव्हता. त्याचा अर्थ काय, एवढाच वाद होता.

सही असण्याचा एक परिणाम मात्र फॅरोच्या निवेदनात येणे शक्य नव्हते. ज्यांच्या सह्या नव्हत्या ते सोडून जाऊ शकत होते. फॅरो बंधूंना कंपनीला कोणताही अल्बम देणे लागत नव्हते. झॅकने पुढे हाफनॉइज या नावाने स्वतःचे संगीत केले, जॉशने स्वतःचे वेगळे बँड काढले. विल्यम्स एकटीच अशी होती जिला राजीनामा देण्याची सोय नव्हती. मिळकतीच्या बाजूने जिचे आसन सर्वांत पक्के, तिच्याच खोलीला दार नव्हते. लाभ आणि बंधन एकाच कलमातून आलेले असल्यामुळे दोन्ही पक्षांना आपापली बाजू संपूर्ण खरी वाटत राहिली, आणि मला वाटते या भांडणाची खोली या रचनेत आहे, कोणाच्या लोभात नाही.

भागीदार की नोकर

उरलेल्या तिघांनी ९ एप्रिल २०१३ रोजी बँडच्याच नावाचा अल्बम काढला. तो अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. ब्रँड न्यू आइजपेक्षा कमी, म्हणजे सुमारे १,०६,००० प्रती पहिल्या आठवड्यात विकल्या गेल्या, पण तोवर सगळ्याच अल्बमांची विक्री आटली होती. निर्माता जस्टिन मेल्डल-जॉन्सन याच्यासोबत बँडने पॉप-पंकची चौकट मोडली. ‘एन्ट इट फन’मध्ये गॉस्पेल, म्हणजे चर्चमधील भक्तिगीतांच्या शैलीचा, गायकवृंद आहे, आणि फंककडे झुकणारा ठेका आहे. हे गाणे दहाव्या क्रमांकापर्यंत पोहोचले, आणि २०१५ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट रॉक गीताचा ग्रॅमी मिळाला. हा पुरस्कार गीतलेखनाचा असल्यामुळे तो लेखकांना, म्हणजे विल्यम्स आणि यॉर्क यांना मिळाला. तिसऱ्याचे नाव त्यात नव्हते.

तिसरा म्हणजे डेव्हिस. डिसेंबर २०१५ मध्ये तो पुन्हा, आणि या वेळी कायमचा, बाहेर पडला. २०१६ मध्ये प्रकरण नॅशव्हिलच्या न्यायालयात गेले. विल्यम्सच्या बाजूने मागणी अशी होती की डेव्हिस हा भागीदार नसून वेतनावर काम करणारा होता, असे न्यायालयाने जाहीर करावे. करार तिचा एकटीचा आहे, आणि सोबत्यांना ती आपल्या कमाईतून जे देत होती ते बँडमध्ये आपलेपणा राहावा म्हणून. डेव्हिसचे म्हणणे नेमके उलट होते: आम्ही व्यवहारात भागीदारांसारखे वागत होतो, बाहेरच्या जगाला भागीदार म्हणूनच सांगितले जात होतो, म्हणून नफ्यात माझा वाटा आहे.

कायद्याच्या दृष्टीने हा प्रश्न दिसतो तितका एकतर्फी नाही. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत भागीदारी लेखी असावीच लागत नाही. दोन किंवा अधिक माणसे नफ्यासाठी धंदा मिळून चालवत असतील, तर कागद नसतानाही ती भागीदार ठरू शकतात. तेथे पाहिले जाते की नफा वाटला जात होता की पगार दिला जात होता, तोटा कोण सोसत होते, निर्णय कोण घेत होते आणि कर कोणत्या नात्याने भरला जात होता. म्हणजे ‘पॅरामोर हा बँड आहे’ हे टी-शर्टवरचे वाक्य, जे २००८ मध्ये गायिकेच्या बचावासाठी उपयोगी पडले, तेच २०१६ मध्ये तिच्या विरुद्ध पक्षाच्या कामाचे होते. आणि फॅरोने रागाने जे म्हटले होते की करार फक्त हेलीचा आहे, ते आता विल्यम्सच्याच बाजूचे मुख्य कायदेशीर विधान झाले होते. या दोन उलटापालटींकडे पाहिल्यावर एवढे स्पष्ट होते की बँडची सामूहिक ओळख ही मंडळी मनापासून मानत होती. ती एकमेकांशी कागदावर मांडण्याचे काम मात्र कोणीही वेळेवर केले नाही. अटलांटिकशी असलेला करार वाईट होता की चांगला, यापेक्षा पाच मित्रांमध्ये आपापसांत नसलेला करार अधिक महागात पडला.

हा दावा मे २०१७ मध्ये तडजोडीने मिटला आणि तडजोडीच्या अटी जाहीर करण्यात आल्या नाहीत. त्यामुळे बँडचा सदस्य भागीदार की नोकर या प्रश्नाला या खटल्यातून न्यायनिवाड्याचे उत्तर मिळाले नाही.

परतणे

खटला चालू असताना विल्यम्स आणि यॉर्क नवा अल्बम लिहीत होते, आणि आपणही बँड सोडावा असे त्या काळात वाटून गेल्याचे विल्यम्सने नंतर सांगितले आहे. ड्रम वाजवायला त्यांनी झॅक फॅरोला बोलावले, आणि २०१७ च्या फेब्रुवारीत तो सदस्य म्हणून परतल्याचे जाहीर झाले. जॉश परतला नाही. नॅशव्हिलच्या ऐतिहासिक आरसीए स्टुडिओ ए मध्ये ध्वनिमुद्रित झालेला ‘आफ्टर लाफ्टर’ १२ मे २०१७ रोजी आला. १९८० च्या दशकातील पॉपसारखी चमकदार, उड्या मारणारी वाद्ये आणि त्यावर नैराश्याविषयीचे शब्द, अशी त्याची बांधणी आहे. काहींनी याला बँडने इमो सोडल्याची खूण मानले. मला उलट वाटते. जड गिटार गेली, पण कबुलीजबाबाची सवय राहिली, आणि आता ती पूर्वीसारखी दुसऱ्याकडे बोट दाखवत नव्हती.

याच समजुतीचा पुढचा टप्पा म्हणजे ‘मिझरी बिझनेस’. दुसऱ्या मुलीला हिणवणारी एक ओळ त्यात आहे, आणि तिच्यावर होणारी टीका वाढत गेली. ७ सप्टेंबर २०१८ रोजी नॅशव्हिलमधील कार्यक्रमात विल्यम्सने हे गाणे आता बराच काळ वाजवणार नाही असे सांगितले. बँडने स्वतःचे सर्वांत ओळखीचे गाणे चार वर्षे बाजूला ठेवणे ही व्यवसायाच्या दृष्टीने साधी गोष्ट नव्हती. २०२२ च्या शरदात ते पुन्हा कार्यक्रमात आले.

गाणे मंचावर बंद असतानाच त्याचा वेगळ्या मार्गाने हिशेब झाला. २०२१ च्या मे महिन्यात ऑलिव्हिया रॉड्रिगो या तरुण अमेरिकी गायिकेचे ‘गुड फोर यू’ आले आणि त्याच्या ठेवणीची ‘मिझरी बिझनेस’शी तुलना सुरू झाली, ऑगस्टमध्ये त्याच्या लेखकांत हेली विल्यम्स आणि जॉश फॅरो ही दोन नावे जोडली गेली. दहा वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या, कंपनीशी कोणताही करार नसलेल्या माणसाला जगभर गाजणाऱ्या नव्या गाण्यात वाटा मिळाला. कारण गाण्यात दोन स्वतंत्र हक्क असतात: एक ध्वनिमुद्रणाचा, जो सहसा कंपनीकडे जातो, आणि दुसरा रचनेचा, जो लिहिणाऱ्याचा असतो आणि बँडमध्ये राहण्या-जाण्यावर अवलंबून नसतो. पॅरामोरमध्ये लेखनश्रेय पहिल्यापासून ज्याने लिहिले त्याच्या नावावर पडत होते. टेलर यॉर्क २००९ मध्ये अधिकृत सदस्य होण्याच्या कितीतरी आधी पहिल्या अल्बममधील ‘कॉन्स्पिरसी’ या गाण्याचा सहलेखक म्हणून नोंदला गेला होता. म्हणजे या बँडकडे न्याय्य हिशेबाची एक वही होती, आणि ती नीट भरली जात होती. तिची मर्यादा एवढीच की जो उत्तम वाजवतो पण लिहीत नाही, त्याचे नाव तिच्यात येत नाही, आणि डेव्हिसच्या तक्रारीची एक कड नेमकी तेथे लागते.

कराराची अखेर

२०२० आणि २०२१ मध्ये विल्यम्सने एकटीच्या नावावर दोन अल्बम काढले, तेही अटलांटिकमधूनच. चौदाव्या वर्षी कंपनीला जी एकटी गायिका हवी होती ती सतरा वर्षांनी, बँडचे पाच अल्बम झाल्यावर, आणि विल्यम्सच्या स्वतःच्या इच्छेने मिळाली. १० फेब्रुवारी २०२३ चा ‘धिस इज व्हाय’ हा पॅरामोरचा सहावा अल्बम, आणि आधीच्या अल्बमचेच सदस्य कायम असलेला पहिलाच. तो ब्रिटनमध्ये पहिल्या आणि अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर गेला. मार्चमध्ये टेलर स्विफ्टच्या एराज दौऱ्याची सुरुवात अ‍ॅरिझोनातील ग्लेनडेल येथे झाली तेव्हा आरंभीच्या कलाकारांत पॅरामोर होता, आणि २०२४ मध्ये युरोपातील कार्यक्रमांनाही तोच होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये या अल्बमला सर्वोत्कृष्ट रॉक अल्बमचा ग्रॅमी मिळाला. स्त्री-गायिका असलेल्या बँडला हा पुरस्कार प्रथमच मिळाल्याचे सर्वत्र नोंदले गेले.

या सहाव्या अल्बमनंतर अटलांटिकशी असलेला करार संपला. २०२३ च्या डिसेंबरच्या शेवटी बँडची सगळी समाजमाध्यम खाती अचानक रिकामी झाली, बँड फुटल्याच्या वावड्या उठल्या, आणि काही दिवसांत पॅरामोर स्वतंत्र झाल्याचे कळले. २००३ ते २०२३ हा कालावधी त्या क्षेत्रात असामान्य आहे. त्या पिढीतले कितीतरी इमो आणि पॉप-पंक बँड दोन अल्बमांनंतर कंपनीने सोडून दिले, काही स्वतःच विरले आणि स्मरणरंजनाच्या महोत्सवांपुरते परत आले. कंपनीने धीर धरला म्हणून पॅरामोर टिकला, हे म्हणणे खोटे नाही. पण २०१० नंतर आणि पुन्हा २०१५ नंतर तो टिकला, तो यॉर्कच्या लेखनामुळे आणि झॅक फॅरोच्या परतण्यामुळे, आणि या दोघांपैकी कोणाचीही सही २००३ च्या कागदावर नव्हती.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये विल्यम्सने ‘ईगो डेथ अ‍ॅट अ बॅचलोरेट पार्टी’ हा तिसरा एकल अल्बम स्वतःच्या लेबलमधून काढला. लेबलचे नाव तिने पोस्ट अटलांटिक ठेवले आणि वितरण सीक्रेटली या स्वतंत्र कंपनीकडे दिले. पॅरामोरचा सातवा अल्बम येईल तेव्हा त्याच्या आवाजाइतकेच, या खेपेस विल्यम्स, यॉर्क आणि फॅरो हे तिघे आपापसांत काय लिहून ठेवतात आणि कोणाकोणाच्या सहीने, हेही पाहावे लागेल.